डोक्यावरचं पॉपकॉर्न

आमच्या हॉलच्या छताला साधारण श्रीलंकेच्या आकाराचा एक पिवळसर डाग पडला, तेव्हा मी तो फारसा मनावर घेतला नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला छतावर डाग दिसला की पावसाळा आला एवढंच कळतं. आमच्या सोसायटीत दर जूनमध्ये कोणाचा ना कोणाचा स्लॅब गळायचा, मग वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण, मग वॉटरप्रूफिंगवाला, मग दिवाळीला पुन्हा रंग. इथे न्यू जर्सीत वरचा मजलाही आमचाच असल्यामुळे भांडणाची सोय नव्हती. वरच्या बाथरूममधल्या कमोडखाली एक मेणाची रिंग असते, ती जुनी होऊन बसली होती आणि थेंब थेंब पाणी खाली झिरपत होतं. प्लंबरने अर्ध्या तासात रिंग बदलली. राहिला फक्त डाग, आणि डागाच्या मधोमध फुगून लोंबणारे पोपडे.

आता हे छत कसलं, ते सांगायला हवं. अमेरिकेत ज्यांनी जुन्या अपार्टमेंटमध्ये दिवस काढलेत त्यांना लगेच कळेल. गुळगुळीत नाही, तर खरखरीत, दाणेदार. कोणीतरी पांढऱ्या लाह्या कालवून वर फेकून मारल्यात आणि त्या तिथेच चिकटल्यात, असं. इथे त्याला 'पॉपकॉर्न सीलिंग' म्हणतात. काही लोक 'कॉटेज चीज सीलिंग'ही म्हणतात. विक्रेत्यांच्या भाषेतलं भारदस्त नाव मात्र 'अकूस्टिक सीलिंग'. आमचं टाउनहाऊस १९७६ सालचं. घर घेताना बायको म्हणाली होती, "हे छत बघून मला कसंतरीच होतं." मी म्हटलं होतं, "घेऊ, मग बघू." (हे वाक्य मी ऑफिसातही लिगसी कोडबद्दल वापरतो. परिणाम तोच.)

तर एका शनिवारी मी शिडी लावली, हातात रंगाऱ्याचा पत्रा घेतला आणि पोपडे खरवडायला सुरुवात केली. पंधरा-वीस मिनिटांत दोन-अडीच फुटांचा तुकडा साफ. भुरभुर करत पांढरा भुगा डोक्यावर, खांद्यावर, कार्पेटवर. बायकोने व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. चौदा महिन्यांची लेक पलीकडे रांगत होती. तिने एक दाणा उचलला, तो तोंडात जायच्या आत हिसकावून घेतला, ती रडली, आम्ही हसलो.

तेवढ्यात शेजारचे आजोबा काहीतरी परत करायला दारात आले. वर बघितलं, माझ्या केसांकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "टेस्ट केलंस ना आधी?"

"कसली टेस्ट?"

पुढची दहा मिनिटं ते बोलत होते आणि माझ्या पोटात खड्डा पडत होता. त्यांनी तरुणपणी बांधकामावर काम केलं होतं. १९८० च्या आधीच्या अशा छतात ॲसबेस्टॉस असू शकतो, कोरडं खरवडणं ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट, आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर त्याहून वाईट, कारण त्याच्या फिल्टरमधून बारीक तंतू आरपार जातात आणि खोलीभर पसरतात. म्हणजे जे जे करू नये ते सगळं आम्ही तासाभरात, शिस्तीत, मिळून केलं होतं.

लेकीला घेऊन बायको मैत्रिणीकडे गेली. मी खोली बंद केली, एसी बंद केला, छताचा एक तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि लॅबला पाठवला. रिपोर्टला पाच दिवस. त्या पाच दिवसांत मला झोप अशी लागली नाही. मग काय करणार, वाचत बसलो. मुळात प्रश्न असा पडला होता की कुठल्या शहाण्या माणसाने असली वस्तू घराघरात, तेही मुलांच्या डोक्यावर, फवारायचं ठरवलं?

*

गोष्ट सुरू होते गवंड्यांपासून. जुन्या अमेरिकन घरांत भिंती आणि छत गिलाव्याचे असत. लाकडी सांगाड्यावर बारीक पट्ट्या जवळजवळ ठोकायच्या, त्यावर गिलाव्याचा पहिला थर दाबून भरायचा म्हणजे तो फटींतून पलीकडे उतरून घट्ट धरतो. मग दुसरा थर, मग वरचा नितळ हात. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. छताचं काम सगळ्यात कठीण, कारण मान वर करून, थापी डोक्यावर धरून, गुरुत्वाकर्षणाशी मारामारी. एका घराला कित्येक आठवडे लागत, आणि हात बसलेला कारागीरच लागे. काम मात्र असं की शंभर वर्षांनीही छत काचेसारखं.

१८९४ साली ऑगस्टिन सॅकेट नावाच्या माणसाने कागद आणि प्लास्टरचे थर एकावर एक चिकटवून तयार फळी बनवण्याचं पेटंट घेतलं. १९०९ मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, आणि १९१७ मध्ये 'शीटरॉक' हे नाव बाजारात आलं. जिप्समची फळी, दोन्ही बाजूंना कागद. सांगाड्यावर ठोकली की भिंत तयार. ओलं काम नाही म्हणून 'ड्रायवॉल'. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी रासायनिक रूपात अडकलेलं असतं, त्यामुळे आग लागली तर ते पाणी आधी वाफ होऊन जातं आणि फळी बराच वेळ तग धरते. वस्तू स्वस्त, हलकी, शहाणी. तरीही कित्येक वर्षं लोकांनी नाक मुरडलं. गिलावा तो गिलावा, ही पुठ्ठ्याची घरं कसली, असा सूर.

दुसऱ्या महायुद्धाने हा सूर बंद केला. लाखो सैनिक परत आले, लग्नं झाली, मुलं झाली, घरं नव्हती. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट कंपनीने १९४७ ते १९५१ मध्ये बटाट्याच्या शेतांवर सतरा हजारांहून जास्त घरं उभी केली. कामाचे बारीक तुकडे पाडून, एकेक टोळी एकच काम करत घराघरातून पुढे सरकायची. आपल्या भाषेत सांगायचं तर असेंब्ली लाइन, फक्त इथे वस्तू जागेवर आणि माणसं फिरती. ऐन भरात दिवसाला तीसच्या आसपास घरं पूर्ण होत. (त्या घरांच्या करारात ती काळ्या लोकांना द्यायची नाहीत असंही छापलेलं होतं. हा वेगळा आणि मोठा विषय आहे, पण लेव्हिटचं कौतुक करताना तो गिळून टाकू नये.) असल्या वेगात तीन थरांचा गिलावा कोण वाळवत बसणार? भिंतींना ड्रायवॉल, छताला ड्रायवॉल. देशभर हीच पद्धत झाली.

पण ड्रायवॉलला एक खोड आहे. दोन फळ्या जिथे भेटतात तिथे सांधा येतो. तो झाकायला कागदी पट्टी चिकटवून त्यावर लगदा, म्हणजे 'जॉइंट कंपाउंड', तीनदा लावायचा, दर वेळी आधीपेक्षा रुंद, आणि शेवटी घासून सपाट करायचा. भिंतीवर थोडं उन्नीस-बीस झालं तर खपतं. तिथे कपाट येतं, फोटो येतो. छतावर मात्र काही येत नाही, आणि संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिरकं आलं की प्रत्येक सांधा, प्रत्येक खिळा, प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. चांगला कारागीर नसेल तर छत म्हणजे कामचुकारपणाचा एक्स-रे.

यावर उपाय निघाला तो असा. सांधे एकदाच कसेबसे भरा, घासूबिसू नका. एका नरसाळ्यात दाणेदार लगदा भरा, कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि अख्खं छत फवारून टाका. खरखरीत पृष्ठभागावर तिरक्या उन्हाच्या हजारो बारीक सावल्या पडतात, त्यात सांध्याची सावली हरवून जाते. एका दुपारीत घरातली सगळी छतं तयार. रंगाचीही गरज नाही, कारण मिश्रणच पांढरं. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं? तर याने आवाज घुमत नाही. ते अगदी खोटंही नाही. खरखरीत, मऊ पृष्ठभाग आवाज थोडा खातो. पण खरं कारण ते नव्हतं. बग दुरुस्त न करता त्याच्यावर छान यूआय चढवायचा आणि त्यालाच फीचर म्हणून विकायचं, ही कला आमच्या धंद्याने शोधलेली नाही, एवढं मला त्या आठवड्यात कळलं.

१९५० ते १९८० च्या दरम्यान बांधलेली घरं, शाळा, मोटेलं अशी फवारलेली आहेत.

*

आता त्या लगद्यात ॲसबेस्टॉस कशाला? ॲसबेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारे तंतू. कापसासारखे पिंजता येतात, पण जळत नाहीत, कुजत नाहीत. लगद्यात मिसळले की तो हलका राहतो, गळत नाही, वाळताना तडकत नाही. आणि स्वस्त. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर इतका गुणी पदार्थ विरळा. एवढंच की हे तंतू उभे चिरत चिरत इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत, तासन् तास हवेत तरंगतात आणि फुप्फुसात गेले की शरीराला त्यांचं काय करायचं ते कळत नाही. त्रास दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. चाळीस वर्षांनी क्रॅश होणाऱ्या प्रोग्रॅमला टेस्टिंगमध्ये पकडणार कोण?

पण 'कोणाला माहीतच नव्हतं' ही सबब मात्र चालणार नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथल्या ॲसबेस्टॉस कारखान्यात काम करणारी नेली केर्शॉ १९२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करून डॉ. कुक यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारचा अहवाल आला, १९३१ मध्ये कारखान्यांतल्या धुळीवर नियम झाले. आणि गंमत बघा (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही), त्याच सुमारास, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, लीड्समधल्या आर्मली भागात जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स कंपनीने ॲसबेस्टॉस फवारायचं तंत्र काढलं. नाव 'लिंपेट', म्हणजे खडकाला घट्ट चिकटून बसणारा शंख. रेल्वेच्या डब्यांत आवाज आणि उष्णता अडवायला ते वापरलं गेलं. माझ्या छताचं 'अकूस्टिक' आडनाव अशा घराण्यातून आलेलं आहे.

आर्मलीचा कारखाना भर वस्तीत होता, चहूबाजूंनी घरं आणि जवळच शाळा. पांढरी-निळसर धूळ गल्ल्यांत, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, शाळेच्या अंगणात साचायची आणि मुलं त्यात बर्फात खेळावं तशी खेळायची. त्यातलीच एक जून हॅनकॉक. तिची आई १९८२ मध्ये मेसोथेलिओमाने गेली. हा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, आणि तो बहुतेक वेळा ॲसबेस्टॉसनेच होतो. पुढे तोच आजार जूनला झाला. दोघींपैकी कोणीही त्या कारखान्यात काम केलं नव्हतं. १९९५ मध्ये तिने कोर्टात कंपनीच्या मालकांविरुद्ध केस जिंकली, १९९७ मध्ये ती गेली.

हे मी मंगळवारी रात्री दोन वाजता वाचलं. त्यानंतर लॅपटॉप बंद केला आणि अंधारात कार्पेटवर पडलेली लेकीची रिंगांची खेळणी बघत बसलो.

बुधवारी मात्र गोष्ट अनपेक्षितपणे आमच्याच गावाकडे वळली. पॅटर्सन आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत. १९४१ ते १९५४ या काळात तिथे युनार्को कंपनीचा कारखाना नौदलाच्या जहाजांसाठी ॲसबेस्टॉसची आवरणं बनवत असे. पॅटर्सनलाच दवाखाना चालवणारे डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांच्याकडे या कारखान्यातले कामगार यायचे. एकाच ठिकाणचे लोक, एकाच प्रकारचे आजार. सेलिकॉफनी मग न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या इन्सुलेशन कामगारांच्या युनियनकडे जाऊन तिची नोंदणीपुस्तकं मागितली. कंपन्यांनी माहिती दिली नसती, पण युनियनकडे प्रत्येक सभासदाची नोंद होती, कधी लागला, कधी गेला. १९४३ च्या आधी कामाला लागलेले ६३२ लोक त्यांनी एकेक करून शोधले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या हिशेबाने त्यांच्यात फुप्फुसाच्या आणि त्याच्या आवरणाच्या कॅन्सरने ६-७ मृत्यू अपेक्षित होते. निघाले ४५. हा पेपर १९६४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. मला यात सगळ्यात भावली ती पद्धत. ना भारी यंत्र, ना नवं औषध. जुनी लॉगफाइल नीट वाचली, बास.

पुढे त्यांच्या गटाने पॅटर्सनच्या कामगारांच्या घरच्यांचाही पाठपुरावा केला. कामावरून आलेल्या माणसाचे कपडे धुणाऱ्या बायका, त्याला मिठी मारणारी मुलं. त्यांच्यातही मेसोथेलिओमा निघाला. आणि १९७५ मध्ये माउंट सायनायमधल्या त्यांच्याच सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की दुकानात कोणालाही मिळणाऱ्या भिंत बुजवायच्या लांबीत आणि जॉइंट कंपाउंडमध्ये ॲसबेस्टॉस आहे, आणि ते वाळल्यावर घासलं की हवेत येतं. म्हणजे शनिवारी घरात हौसेने डागडुजी करणारा बाप हा संशोधनाचा विषय पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेला होता!

कायदे आले, पण आमच्या छतासारखेच, तुकड्यातुकड्यांनी. वर्ल्ड ट्रेड सेंटर बांधताना पोलादी सांगाड्यावर ॲसबेस्टॉस फवारत होते. न्यूयॉर्क शहर बंदी घालणार हे दिसल्यावर १९७० मध्ये उत्तरेच्या टॉवरच्या अडतिसाव्या मजल्याच्या आसपास ते थांबवलं आणि वर दुसरं मिश्रण वापरलं. १९७३ मध्ये पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, आग आणि उष्णता रोखण्यासाठी ॲसबेस्टॉस फवारायला देशभर बंदी केली. शोभेसाठी फवारलं तर? तो नियम १९७८ मध्ये आला. मधल्या पाच वर्षांत तेच तंतू 'सजावट' या नावाखाली फवारता येत होते. आमचं घर १९७६ चं. लांबीतल्या ॲसबेस्टॉसवर १९७७ मध्ये वेगळी बंदी. त्यात गोदामात आधीच पडलेला माल संपवायला मुभा, म्हणून १९८० च्या दशकातल्या घरांतही तो सापडतो. १९८९ मध्ये ईपीएने जवळजवळ सरसकट बंदी आणली, ती १९९१ मध्ये कोर्टाने बहुतांशी रद्द केली. क्रायसोटाइल, म्हणजे सगळ्यात जास्त वापरला गेलेला पांढरा ॲसबेस्टॉस, याच्यावर अमेरिकेत बंदी यायला २०२४ उजाडलं. हे मला आधी टायपिंगची चूक वाटली होती.

*

गुरुवारी रिपोर्ट आला. क्रायसोटाइल, ३ टक्के. एक टक्क्याच्या वर असलं की कायद्याच्या लेखी ते ॲसबेस्टॉसचं सामान.

बायको फोनवर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू खरवडलंस, मी पसरवलं. आता एकमेकांना काही बोलायचं नाही, ठरलं?" ठरलं. लेकीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की एकदाच, अर्ध्या तासाच्या, एवढ्या कमी प्रमाणातल्या संपर्काने वाढणारा धोका फार म्हणजे फारच लहान आहे, वर्षानुवर्षं त्या धुळीत राबणाऱ्यांशी त्याची तुलना करू नका. तिला तपासण्यासारखं काही नाही आणि उगाच एक्स-रे काढू नका. शून्य आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "शून्य असं मी कशालाच म्हणत नाही." आकडे मला कळतात, रोजचं कामच ते. पण ती रांगत दाण्याकडे गेली तो क्षण आकड्यांत बसत नाही.

रात्री बाबांचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाले, "अरे, पण आपल्या गावच्या पडवीवर चाळीस वर्षं सिमेंटचे पत्रेच आहेत की! तू लहानपणी त्यावर चढून आंबे काढायचास." खरं होतं. सिमेंट आणि ॲसबेस्टॉसचा पत्रा ही १९०० च्या सुमाराची, ऑस्ट्रियाच्या लुडविग हात्शेक यांची कल्पना. त्याचं नावच 'एटर्निट', चिरंतन या अर्थाचं. पत्र्यात तंतू सिमेंटने जखडलेले असतात, त्यामुळे धड पत्रा शांत बसतो. तो कापला, भोकं पाडली, फोडला की मात्र प्रश्न. भारतात ॲसबेस्टॉसच्या खाणी थांबल्या आहेत, पण बाहेरून, मुख्यतः रशियातून, तो येतो आणि बहुतेक सगळा या पत्र्यांत जातो. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कित्येक वर्षं ठेवायचा आदेश दिला. २००६ मध्ये क्लेमान्सो ही फ्रेंच विमानवाहू नौका तोडण्यासाठी अलंगच्या वाटेवर होती, तेव्हा तिच्यातल्या ॲसबेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की फ्रान्सने ती अर्ध्या वाटेतून परत बोलावली. एका जहाजावर आपण पेटून उठलो आणि त्याच वर्षी किती झोपड्यांवर, गोठ्यांवर, शाळांवर पत्रे चढले असतील! बाबांना म्हटलं, "पत्रे आहेत तसे राहू द्या, पण कोणाला ग्राइंडर लावू देऊ नका. काढायचेच तर अख्खे, ओले करून." ते म्हणाले, "बघू." (कोणावर गेलोय ते कळलं असेलच.)

*

आता दुरुस्तीबद्दल, कारण हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या डोक्यावर आत्ता असंच छत असणार.

छत धड असेल, पोपडे निघत नसतील, तर पहिला उपाय म्हणजे काहीही न करणं. आमच्या बेडरूमची छतं तशीच आहेत. दुसरा, ते बंद करून टाकणं, म्हणजे खालून नवी ड्रायवॉल मारणं. त्यासाठीही स्क्रू जुन्या छतातून जातात, तेव्हा धूळ येतेच. तिसरा, काढून टाकणं, आणि ते परवाना असलेल्या लोकांकडून. हातच लावायचा असेल तर आधी नमुना तपासा. पिचकारीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब, तो भाग आधी चिंब भिजवायचा, नाण्याएवढा तुकडा अलगद काढायचा, दोन पिशव्यांत बंद करायचा. खर्च दोन जणांच्या जेवणाएवढा. मी तो वाचवला आणि त्याच्या शंभरपट घालवले.

आमचं छत फाटलेलं होतं, म्हणून काढायचंच ठरलं. पांढऱ्या सूटमधली माणसं आली, खोली प्लास्टिकने मढवली, हवा आत ओढून गाळणारं यंत्र लावलं, छत भिजवून भिजवून उतरवलं. कार्पेट गेलं. व्हॅक्यूम क्लीनरही गेला. हवेची चाचणी झाली, मगच आम्हाला आत सोडलं.

वर बघतो तर उघडंबोडकं ड्रायवॉल, १९७६ सालचं. सांधे खरोखरच एकाच हाताने भरलेले, पट्टी जागोजागी सुरकुतलेली, खिळ्यांची डोकी बाहेर. आणि खिडकीजवळ पेन्सिलीने केलेली एक बेरीज. खोल्यांची मापं असावीत, फुटांत, एकाखाली एक, आणि खाली एकूण. हातचा एक वर बारीक लिहिलेला. त्या माणसाने आमच्या ओळीतली सगळी घरं फवारली असणार, आणि त्याआधीची ओळ, आणि पुढची. नरसाळ्यात कोरडी पावडर ओतायची तेव्हा तिचा ढग उठायचा तो त्याच्या तोंडाशी. तीन टक्के, रोज, किती वर्षं कोण जाणे. मास्क असेल? १९७६ मध्ये? शेजारच्या आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "रुमाल बांधायचो. गरम होत नसेल तेव्हा." आजोबा नेमकं कसलं काम करायचे, हे मी तोवर विचारलंच नव्हतं. अधूनमधून खोकतात, पण ते सिगारेटचं, असं ते म्हणतात.

पुढचं काम मी स्वतः केलं. नवी पट्टी, नवा लगदा, सहा इंची, मग दहा, मग बारा इंची पत्र्याने तीन हात, आणि कोरडं घासण्याऐवजी ओल्या स्पंजने. चार शनिवार-रविवार लागले, मान आखडली, आणि तरीही संध्याकाळी सहाच्या उन्हात माझा एक सांधा ठळक दिसतो. गिलावा करणाऱ्या गवंड्यांबद्दल आदर शतपट वाढला आणि त्या नरसाळेवाल्यांचा मोहही पुरता कळला.

श्रीलंका मात्र ड्रायवॉलच्या कागदापर्यंत उतरलेली होती. पाण्याचा डाग साध्या रंगातून पुन्हा वर येतो. त्यावर चालतो तो शेलॅकचा प्रायमर. शेलॅक म्हणजे चक्क आपली लाख, पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या फांद्यांवर किडे बनवतात ती. भारतात ती प्रामुख्याने झारखंड-छत्तीसगडकडे होते, आणि रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून तिच्या संशोधनाची संस्था आहे. न जळणाऱ्या तंतूंचं छत उतरवून मी त्यावर लाक्षागृहाचा रंग देत होतो. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "खिडकी उघड, वास येतोय."

पेन्सिलीच्या बेरजेवरून ब्रश फिरवायच्या आधी मी तिचा फोटो काढला. मग सहज तपासून बघितली. बरोबर होती.